मार्फा

मार्फा हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याच्या पश्चिम भागातील छोटे शहर असून ते प्रेसिडिओ परगण्याचे मुख्य ठाणे आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे ९५ किमी. उत्तरेस, डेव्हिस व चिनाती या पर्वतरांगांमधल्या उंच गवताळ पठारावर ते वसले असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,४३० मी. आहे. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १,७८८ होती, तर १९३० मध्ये ती ३,९०९ होती. म्हणजे नव्वद वर्षांत निम्म्याहून अधिक लोक कमी झाले. आज या शहराचे नाव जगभर घेतले जाते ते आधुनिक शिल्पकलेमुळे; परंतु त्याची घडण समजून घ्यायची तर गुरांचे रँच (विस्तीर्ण खाजगी कुरणे), रेल्वे आणि लष्करी छावणी या तिन्हींचा इतिहास पाहावा लागतो.

हा प्रदेश चिवावा वाळवंटाच्या उत्तर भागात मोडतो. उंचीमुळे येथे सखल वाळवंटापेक्षा अधिक पाऊस पडतो, तरी त्याचे वार्षिक प्रमाण साधारण ४० सेंमी. इतकेच आहे आणि त्यातला बराचसा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पडतो. एवढ्या पावसावर ग्रामा जातीचे आखूड पण पौष्टिक गवत चांगले वाढते. पाटपाण्याशिवाय शेती मात्र होत नाही. येथे एक गाय वर्षभर पोसायला कित्येक एकर कुरण लागते. त्यामुळे रँच हजारो एकरांचे असतात, दोन शेजाऱ्यांच्या घरांमध्ये मैलोन्‌मैल अंतर असते आणि थोडे मजूर मोठा पसारा सांभाळतात. अशा अर्थव्यवस्थेवर दाट वस्तीचे शहर उभे राहणे मुळातच अवघड असते. मार्फाची लोकसंख्या वाढली तेव्हा त्या वाढीमागे बहुधा गुरांखेरीज दुसरे काहीतरी कारण होते, हे या शहराच्या बाबतीत विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा मुलूख अपाची या मूलनिवासी टोळ्यांच्या वावराचा होता आणि कोमांची या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या स्वारांची मेक्सिकोकडे जाणारी वाटही याच भागातून जात असे. १८५७ च्या सुमारास मिल्टन फेव्हर याने दक्षिणेकडील सिबोलो ओढ्याच्या खोऱ्यात मातीच्या भिंतींची गढीवजा घरे बांधून मोठ्या प्रमाणावर गुरे पाळण्यास सुरुवात केली. परगण्यातील पहिला मोठा रँचमालक म्हणून त्याची गणना होते. अपाची नेता व्हिक्टोरिओ १८८० मध्ये मारला गेल्यावर या भागातील संघटित प्रतिकार जवळजवळ संपला आणि पशुपालकांचा ओघ सुरू झाला. संस्थानांच्या संघराज्यात सामील होताना टेक्ससने आपल्या सार्वजनिक जमिनी स्वतःकडेच राखल्या होत्या. त्या जमिनी राज्याने रेल्वे कंपन्यांना बक्षीस दिल्या किंवा ६४० एकरांच्या तुकड्यांनी विकल्या, आणि असे तुकडे एकमेकांना जोडत गेल्याने मोठे रँच उभे राहिले.

शहराचा जन्म १८८३ चा. सॅन अँटोनिओ व एल पासो यांना जोडणारा लोहमार्ग त्या वर्षी पुरा झाला. वाफेच्या इंजिनांना ठराविक अंतरावर पाणी भरावे लागे आणि असे पाणी भरण्याचे ठिकाण म्हणून मार्फाची सुरुवात झाली. मार्फा हे नाव रेल्वेच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने रशियन पार्श्वभूमीच्या एका कादंबरीतील पात्रावरून सुचवले, अशी आख्यायिका आहे. पुढे १८८५ मध्ये परगण्याचे ठाणे फोर्ट डेव्हिसहून येथे हलवण्यात आले आणि १८८६ मध्ये घुमटाकार मनोऱ्याची भव्य कचेरी बांधून पूर्ण झाली. आजही ही इमारत सपाट माळावर दुरून दिसते. काटेरी तारांची कुंपणे, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आणि गुरे थेट मध्य-पश्चिमेतील बाजारापर्यंत नेणारी रेल्वे यांमुळे उघड्या माळावरील मोकाट चराई संपली. लांब शिंगांच्या काटक गुरांची जागा तांबड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड जातीने घेतली. या उंच प्रदेशातील हेरफर्ड वासरांना मक्याच्या पट्ट्यातील खरेदीदारांकडून चांगली मागणी असे, आणि शरद ऋतूतील वासरांची विक्री हाच रँचमालकाच्या वर्षाचा मुख्य हिशेब असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मेक्सिकन क्रांतीने शहराचे रूप पालटले. सीमेवर गस्त घालण्यासाठी १९११ मध्ये येथे घोडदळाची छावणी पडली. जानेवारी १९१४ मध्ये क्रांतिकारक नेता पांचो व्हिया याच्या फौजेने सीमेपलीकडील ओहिनागा हे गाव जिंकले, तेव्हा पराभूत मेक्सिकन सरकारी सैनिक आणि त्यांची बायकामुले अशा हजारो निर्वासितांना मार्फापर्यंत पायी आणून रेल्वेने एल पासोकडे रवाना करण्यात आले. २५ डिसेंबर १९१७ रोजी मेक्सिकोतून आलेल्या हल्लेखोरांनी ब्राइट रँचवर छापा घातला. त्यानंतर २८ जानेवारी १९१८ रोजी टेक्सस रेंजर्स या राज्याच्या पोलीस दलाच्या तुकडीने काही रँचमालकांसह पोर्वेनिर या रिओ ग्रांदे या सीमानदीकाठच्या खेड्यातील पंधरा निःशस्त्र मेक्सिकन वंशाच्या पुरुषांना व मुलांना ठार मारले. उरलेले गावकरी नदी ओलांडून मेक्सिकोत निघून गेले आणि खेडे ओस पडले. परगण्याच्या इतिहासातील ही सर्वांत काळी घटना दीर्घकाळ अधिकृत वृत्तांताबाहेर राहिली. रँचव्यवसायाच्या गौरवकथांच्या बरोबरीने ती सांगितली जाणे आवश्यक आहे, कारण कुरणांची मालकी कोणाकडे राहिली आणि कोण परागंदा झाले, याचा तिच्याशी थेट संबंध आहे.

छावणीला १९३० मध्ये फोर्ट डी. ए. रसेल असे नाव मिळाले. सैनिकांचे पगार, घोड्यांचा चारा आणि अधिकाऱ्यांची कुटुंबे यांमुळे बाजारपेठ भरभराटीला आली. हॉटेल पैसानो ही शहरातील प्रसिद्ध वास्तूही १९३० चीच. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी शहराच्या पूर्वेस विमानतळ उभारण्यात आला, तर किल्ल्यात जर्मन युद्धकैदी ठेवण्यात आले होते. युद्ध संपताच विमानतळ बंद झाला आणि १९४६ मध्ये किल्लाही बंद झाला. पाठोपाठ १९५० च्या दशकात टेक्ससवर सुमारे सात वर्षांचा भीषण दुष्काळ आला. निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांना चारण्याची वेळ पशुपालकांवर आली, कळप विकावे लागले आणि अनेक कुटुंबे शहर सोडून गेली. १९५० मध्ये ३,६०३ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये २,७९९ झाली. छावणी आणि पाऊस हे दोन्ही आधार एकाच दशकाच्या अंतराने तुटल्याचा हा परिणाम होता. त्यानंतरच्या घसरणीचा वेग कमी झाला, पण ती थांबली नाही : २००० मध्ये २,१२१, २०१० मध्ये १,९८१.

लोकसंख्येच्या रचनेत मेक्सिकन वंशाचे लोक पूर्वीपासून मोठ्या संख्येने आहेत. २०१० मध्ये त्यांचे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक होते. रँचवरील स्वार, कुंपण घालणारे, लोकर कातरणारे, रेल्वेचे रूळ सांभाळणारे आणि मातीच्या विटांची घरे बांधणारे कारागीर प्रामुख्याने याच समाजातले होते. त्यांच्या मुलांसाठी १९०९ पासून वेगळी शाळा होती. ती पुढे ब्लॅकवेल शाळा म्हणून ओळखली गेली. तेथे स्पॅनिश बोलण्यास मनाई होती आणि १९५४ मध्ये मुलांना स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्या भाषेचा दफनविधी करायला लावण्यात आला. ही शाळा १९६५ मध्ये बंद झाली व मुले सामाईक शाळेत जाऊ लागली. माजी विद्यार्थ्यांनी चिकाटीने इमारत वाचवली आणि २०२२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवणारा कायदा झाला. मार्फाविषयीच्या लेखनात या शाळेला मिळणारी जागा अजूनही तिच्या महत्त्वाच्या मानाने कमी आहे.

शिल्पकार डोनल्ड जड (१९२८–९४) १९७१ मध्ये प्रथम येथे आला आणि नंतर कायमचा राहू लागला. ओस पडलेल्या लष्करी इमारती स्वस्तात उपलब्ध होत्या आणि उघडा माळ त्याच्या कामाला मानवणारा होता. किल्ल्याच्या आवारात त्याने स्थापन केलेल्या चिनाती फाउंडेशनचे संग्रहालय १९८६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमध्ये ठेवलेल्या जडच्या शंभर अॅल्युमिनियम शिल्पाकृती पाहण्यासाठी दूरदूरहून प्रवासी येतात. चित्रशाळा, पुस्तकांची दुकाने व विश्रामगृहे त्यातून निघाली. येथील माळावर रात्री दिसणाऱ्या प्रकाशबिंदूंचेही पर्यटकांना आकर्षण आहे. त्यांपैकी बरेचसे दूरच्या महामार्गावरील मोटारींचे दिवे असल्याचे निरीक्षणांतून दिसून आले आहे.

पर्यटनाने लोकसंख्येची घट मात्र रोखली नाही. बाहेरच्या खरेदीदारांनी घेतलेली अनेक घरे वर्षातला बराच काळ रिकामी असतात किंवा प्रवाशांना भाड्याने दिली जातात. मातीच्या विटांच्या घरांचे मूल्यांकन आणि त्याबरोबर मालमत्ता कर वाढल्याने ज्या कुटुंबांच्या पूर्वजांनी ती बांधली, त्यांनाच ती परवडेनाशी झाली आहेत. स्थानिकांना बारमाही पगार देणारी कामे मुख्यतः परगण्याची कचेरी, शाळा आणि सीमा गस्ती दलाचे विभागीय मुख्यालय यांत आहेत. प्रवासी आगगाडी मार्फातून न थांबता जाते आणि ती पकडण्यासाठी किंवा रुग्णालयासाठी सुमारे ४२ किमी.वरील अल्पाइनला जावे लागते. गुरांचे रँच आजही शहराभोवती आहेत, पण दुष्काळाच्या वर्षांत कळप लहान होतात आणि काही जुने रँच शिकार किंवा सुट्टीसाठी जमीन घेणाऱ्या धनिकांकडे गेले आहेत. सुमारे १०,००० चौ. किमी. क्षेत्राच्या संपूर्ण प्रेसिडिओ परगण्याची लोकसंख्या २०२० मध्ये ६,१३१ होती. त्यातही सर्वांत मोठी वस्ती मार्फाची नसून सीमेवरील प्रेसिडिओ या गावाची आहे.