झेंडूच्या माळेतला दोरा

दसऱ्याच्या आदल्या रात्री दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की पाय टाकायला जागा नसते. पुणे, सातारा, नाशिककडून आलेल्या टेम्पोंमधून झेंडूच्या गोण्या उतरत असतात, पुलाखाली पिवळे-केशरी ढीग लागलेले असतात. तिथे एका मावशींच्या गोणीत मी सहज हात घातला. वरची फुलं गार होती, पण हात कोपरापर्यंत गेला तशी आतली फुलं चक्क कोमट लागली. मावशी म्हणाल्या, "आतून तापलाय माल. तो आधी काढायचा, नाहीतर सकाळी काळा पडतो."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तोडलेलं फूल लगेच मरत नाही, ते श्वसन करत राहतं. साठवलेली साखर ऑक्सिजनच्या मदतीने वापरली जाते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. गच्च भरलेल्या गोणीत ही उष्णता कोंडते, त्यामुळे श्वसन आणखी वाढतं आणि गोणी आणखी तापते. त्यात ऑक्टोबरचा उकाडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर सुटलेल्या वाफेचंही आतच पाणी होतं आणि ओल्या पाकळ्यांवर बुरशीचं फावतं. म्हणजे बाजारातल्या कचऱ्याचा मोठा भाग गिऱ्हाईक यायच्या आधी, प्रवासातच तयार होतो. टोमॅटोसाठी वापरतात तसे जाळीचे क्रेट, वर ओलं गोणपाट आणि सावली एवढ्याने फुलं बराच जास्त वेळ टिकतात. टोमॅटोचे रिकामे क्रेट परत जातात, तसे फुलांचेही जायला काय हरकत आहे?

दसऱ्याच्या दुपारी भाव कोसळतो. ज्या झेंडूसाठी सकाळी घासाघीस चालली होती, तोच संध्याकाळी रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकाम्या टेम्पोने घरी निघतो. ते ढीग पाहून मला दरवर्षी वाईट वाटतं. त्यात त्या शेतकऱ्याचे काही महिन्यांचे कष्ट असतात, पाणी आणि खत असतं, टेम्पोचं डिझेलही असतं.

हे ढीग कचराभूमीवर गेले की खाली दबतात. हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातून मिथेन तयार करतात. १०० वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता अडकवतो. मुंबईची देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. तिथे २०१६च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर अनेकांना आठवत असेल. असे कचऱ्याचे डोंगर पेटत ठेवण्यात मिथेनचा हात असतो.

त्याच झेंडूला हवा मिळाली तर सगळंच बदलतं. ओल्या फुलांत नत्र भरपूर असतं. त्यात सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळून कर्ब आणि नत्राचं प्रमाण ३० ला १ च्या आसपास आणलं आणि ढीग अधूनमधून खालीवर केला की तो ५५ अंशांच्या वर तापतो. गोणीत माल नासवणारी उष्णता इथे मात्र कामाची ठरते. बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बी तिच्यात मरतं आणि काही आठवड्यांत काळं, भुसभुशीत खत हाती येतं.

पण यात अडतं ते दोऱ्यापाशी. आज बहुतेक तोरणं नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या दोऱ्यात ओवलेली मिळतात. फूल कुजून जातं, पण दोरा तसाच राहतो आणि खताच्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळून बसतो. मग कामगारांना यंत्र थांबवून तो हाताने कापून काढावा लागतो. शिवाय तोरणात जरीची चमकी आणि थर्माकोलचे मणी असले, तर ते वेगळं करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही आणि अख्खी माळ कचऱ्यात जाते. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलसह एकदा वापरून फेकायच्या अनेक वस्तू बंद झाल्या. नायलॉनच्या दोऱ्याकडे मात्र कुणाचं लक्षच गेलेलं दिसत नाही. सुती दोरा म्हणजे निव्वळ सेल्युलोज, तो फुलांबरोबरच कुजतो. कोकणात आणि गोव्यात अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, आजही केळीच्या सोपटाच्या ओल्या धाग्यात गुंफतात. फुलं बाजारात आली की गाळ्या-गाळ्यावर सुती दोऱ्याची रिळं स्वस्तात पुरवणं पालिकेला कठीण नाही. दुसऱ्या दिवशी सफाईला लागणाऱ्या डंपरपेक्षा ती नक्कीच स्वस्त पडतील.

आपट्याचंही थोडं सांगायला हवं. बाजारात 'सोनं' म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं विकली जातात. ती मोठी आणि पातळ असतात. आपट्याचं पान लहान, जाड, रुंदीला जास्त. दोन्ही झाडं एकाच कुळातली आणि दोन्हींच्या फांद्या सरसकट ओरबाडल्या जातात. घरटी एक पान घेतलं तरी सोनं लुटता येतं.

यंदा मावशींकडून मी सुटा झेंडू घेतला आणि घरी सुती दोऱ्यात ओवला. तिसऱ्या दिवशी तोरण उतरवलं आणि कात्री न लावता, आख्खंच्या आख्खं कुंडीतल्या मातीखाली पुरलं.