‘रक्तात आहे’ म्हणण्याआधी

“त्या घरात सोयरीक नको, मुलीच्या आईच्या डोक्यावर परिणाम आहे.” खानदेशात चोपड्यापासून साक्रीपर्यंत लग्नाच्या बोलणीत हे हळू आवाजात सांगितलं जातं आणि विषय तिथेच संपतो. रक्तात असतं ते, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

रक्तात काहीच नसतं, असं विज्ञान म्हणत नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, साधारण शंभरात एकाला होतो; आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. धोका वाढतो, हे खरं. पण मग उरलेल्या नव्वदांचं काय? 1966 साली लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेतल्या अशा 47 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या आईला स्किझोफ्रेनिया होता आणि ज्यांना जन्मानंतर लगेच आईपासून वेगळं करून दुसरीकडे वाढवलं होतं. त्यांतल्या पाच जणांना पुढे तोच आजार झाला, तुलनेसाठी घेतलेल्या 50 जणांत एकालाही नाही. म्हणजे जनुकांचा वाटा नक्की आहे. पण 42 जणांना तो आजार झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. नंतर फिनलंडमधल्या दत्तक मुलांच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की, जनुकीय धोका असलेल्या मुलांना घरातल्या ताणतणावाची झळ जास्त बसते आणि चांगल्या घरात तोच धोका बराच दबून राहतो.

म्हणून मला सोयरिकीपेक्षा अशा घरात वाढणाऱ्या लहान मुलीच्या आजच्या दिवसाची काळजी जास्त वाटते.

पारोळ्याकडच्या एखाद्या गावातली दहा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. कापूस वेचणीचे दिवस, बाप पहाटेच शेतात गेलेला. ती जागी होते, पण डोळे उघडत नाही. आधी चुलीपाशी भांडी कशी वाजतात ते ऐकते. मग आई कुणाशी बोलतेय का, ते. आवाज ओळखीचा असेल तर उठते. नसेल तर धाकट्या भावाला घेऊन मागच्या दारानं काकूकडे जाते. शाळेत निघताना पाकिटातल्या गोळ्या मोजते आणि अहिराणीत विचारते, “माय, गोयी लिधी का?” लोक कौतुकानं म्हणतात, किती समजूतदार पोर! मला ते कौतुक ऐकवत नाही. या समजूतदारपणामागे कधीच न उतरणारा ताण असतो. धोक्याच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि धोका टळला की उतरतं; पण घरात कधी काय होईल याचा नेमच नसेल, तर ही यंत्रणा सारखी चालू राहते. झोप उडते, पोट दुखतं, वर्गात लक्ष लागत नाही.

त्यात कुणी काही सांगत नाही. मूल मग स्वतःच कारण शोधतं आणि लहान वयात ते कारण बहुतेक वेळा स्वतःपाशीच सापडतं: मी दूध सांडलं, म्हणून माय अशी झाली. मोठी माणसं ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून भगताकडे नेतात. त्यांना मी दोष देत नाही, सातपुड्यातल्या पाड्यावर भगत जवळ असतो आणि डॉक्टर लांब. पण उपचाराविना गेलेले महिने आईबरोबर मुलालाही भोगावे लागतात.

उलटही तितकंच खरं आहे. 2006 साली अमेरिकेत मिर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी नैराश्याचा उपचार घेणाऱ्या आयांच्या मुलांची पाहणी केली. तीन महिन्यांत ज्या आया बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांमधल्या मानसिक आजारांच्या निदानाचं प्रमाण 11 टक्क्यांनी घटलं; ज्यांचं नैराश्य गेलं नाही, त्यांच्या मुलांत ते 8 टक्क्यांनी वाढलं. आईची गोळी मुलालाही लागू पडते, असं म्हणायला हरकत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सल्लासेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि मुलाला त्याच्याच बोलीत सांगायला हवं: “तुन्ही माय आजारी शे. तुन्हामुये नही.” (तुझी आई आजारी आहे. तुझ्यामुळे नाही.) हे एकदा सांगून भागत नाही, आजार उलटला की मुलाला पुन्हा तीच शंका येते. आई बरी असतानाच तिच्यासमोर, तिला विचारून ठरवून ठेवावं: पुन्हा त्रास सुरू झाला तर मुलांनी कुणाच्या घरी जायचं, फोन कुणाला करायचा, शाळेत कोणत्या बाईंना सांगायचं, आणि गोळ्यांचं पाकीट यापुढे कोणत्या मोठ्या माणसानं सांभाळायचं.