पार्श्वभूमी : पूर खोऱ्याचा, आराखडा जिल्ह्याचा

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. विभागातल्या पाच जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, पाटबंधारे खात्याचे अभियंते, पोलीस, महावितरण, आरोग्य असे सगळे हजर असतात. धरणातून किती विसर्ग सुटला की कोणत्या गावाला किती वेळात कळवायचे, हे तिथे ठरते. मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात विभाग ही पातळीच नाही. केंद्र, राज्य आणि जिल्हा अशी तीन प्राधिकरणे त्याने उभी केली. जिल्हा आणि मंत्रालय यांच्यामध्ये कायद्याच्या दृष्टीने कोणीही बसलेले नाही.

आधीची व्यवस्था अशी नव्हती. १९६२ च्या चीन युद्धानंतर नागरी संरक्षणाची बांधणी गांभीर्याने सुरू झाली आणि १९६८ मध्ये तिला स्वतंत्र कायदा मिळाला. या कायद्यानुसार राज्य सरकार कोणत्याही ‘क्षेत्रा’साठी नागरी संरक्षण दल स्थापन करू शकते. त्याचा नियंत्रक जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जापेक्षा खालचा नसावा, एवढीच अट आहे. क्षेत्र म्हणजे जिल्हा, असे कायदा म्हणत नाही. ते एक शहर असू शकते, बंदर किंवा औद्योगिक पट्टाही असू शकतो. म्हणूनच या क्षेत्रांच्या यादीत तारापूर, उरण, मनमाड, थळ-वायशेत अशी नावे सापडतात. अणुवीज केंद्र, तेलसाठे, रेल्वे जंक्शन, खत कारखाना हे शत्रूच्या विमानांचे संभाव्य लक्ष्य, म्हणून निवड त्यांची झाली. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले होते आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला होऊन गेला होता. तरीही कायद्याचा रोख युद्धावरच राहिला. पूर आणि भूकंप नागरी संरक्षणाच्या कक्षेत आणणारी दुरुस्ती व्हायला २०१० उजाडले.

नैसर्गिक संकटांचा कारभार या काळात महसूल खात्याकडे होता आणि त्याची मुळे दुष्काळात होती. पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा अंदाज) काढणे, कामे सुरू करणे, पंचनामे करून मदत वाटणे ही जिल्हाधिकारी-प्रांत-तहसीलदार-तलाठी साखळी ब्रिटिश काळापासून चालत आली होती. १९७२ च्या दुष्काळात ती चांगलीच कसाला लागली. केंद्रात तर या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नैसर्गिक आपत्ती हा विषय कृषी मंत्रालयाकडे असे. भूजच्या भूकंपानंतर तो गृह मंत्रालयाकडे गेला. महाराष्ट्रात वळण आधी आले, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतरच्या वर्षांत मंत्रालयात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभे राहिले आणि जिल्हानिहाय आराखडे लिहिले जाऊ लागले. एकक जिल्हा हेच, हे खरे तर तेव्हाच ठरून गेले.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २६ जुलैच्या मुंबईतील प्रलयानंतर डिसेंबर २००५ मध्ये कायदा झाला, तेव्हा हीच घडी कलमांत उतरली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. (२०२२ पासून निवडणुका रखडल्या आणि बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. त्या काळात प्राधिकरणातली लोकनियुक्त खुर्ची रिकामीच होती. त्यावर फारशी ओरड झाली नाही, यातच तिचे वजन दिसते.) आराखडा जिल्ह्याने करायचा, स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करायची आणि मंजुरी राज्याने द्यायची. शेजारच्या जिल्ह्याचा आराखडा आपल्या आराखड्याशी जुळतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी जिल्ह्यात कोणावरच येत नाही. ती थेट राज्याच्या कार्यकारी समितीकडे, म्हणजे मुंबईत जाते.

विभागाची पातळी का वगळली, याचे एक समर्थन आहे आणि ते वजनदार आहे. संकटात हुकूम एकाचाच चालला पाहिजे. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती महसूल यंत्रणा, दंडाधिकाऱ्याचे अधिकार आणि तिजोरीतून तातडीने पैसा काढण्याची सोय असते. विभागीय आयुक्ताचे काम मुख्यतः देखरेखीचे आणि अपिलांचे. मध्ये आणखी एक खुर्ची घातली तर फाईल आणखी एका टेबलावर थांबेल. शिवाय देशातल्या सगळ्या राज्यांत महसुली विभाग नाहीत. केंद्रीय कायद्यात ती पातळी घातली असती, तर काही राज्यांना ती नव्याने उभी करावी लागली असती. हे सगळे मान्य केले, तरी भूकंप किंवा वादळ यांना लागू पडणारे हे गणित नदीला लागू पडत नाही. नदीवरचा महत्त्वाचा निर्णय, म्हणजे दरवाजे किती आणि केव्हा उचलायचे हा, जिल्हाधिकारी घेतच नाही. तो जलाशय परिचालन सूचीनुसार (धरणात केव्हा किती पाणी ठेवायचे याच्या वेळापत्रकानुसार) पाटबंधारे खाते घेते आणि त्या खात्याची मंडळे व महामंडळे जिल्ह्यांच्या नव्हे, खोऱ्यांच्या हिशेबाने आखलेली असतात. पाणी एका नकाशावर वाहते आणि हुकूम दुसऱ्या नकाशावर चालतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये याची किंमत कळली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ फुटांपुढे गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली गावातली बोट उलटून माणसे बुडाली. सांगलीचे बरेचसे पाणी कोयनेतून, म्हणजे सातारा जिल्ह्यातून येते. पुढे ते कर्नाटकात अलमट्टी धरणाला जाते. सांगलीच्या आराखड्यात हे दोन्ही टोकांचे पाणी गृहीत धरलेले असते. त्यावर अधिकार मात्र कुठल्याच टोकाला नसतो. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याला, दोष देणे मान्य केले नाही. नदीकाठच्या अनेकांना तो निष्कर्ष आजही पटलेला नाही. या वादात खोऱ्याचा एकत्रित आराखडा कोणी करायचा, हा प्रश्न मागे पडला.

दोन वर्षांनी चिपळूणमध्ये गुंता आणखी वाढला. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर सह्याद्रीच्या पश्चिमेला कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरते. २२ जुलै २०२१ ला शहर बुडाले, तेव्हा कोळकेवाडीतून आलेल्या पाण्याचा वाटा किती, यावर मोठा वाद झाला. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, पुणे विभागात. शहर रत्नागिरी जिल्ह्यात, कोकण विभागात. इथे विभागीय आयुक्ताची अनौपचारिक बैठकही पुरत नाही, कारण आयुक्तच दोन होतात.

कोविडमध्ये याच कायद्याचा दुसरा चेहरा दिसला. वरून खाली हुकूम सोडायला तो फार सोयीचा आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीतून निघालेले आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने गावापर्यंत पोचले. पण शेजारी जिल्ह्यांचे नियम एकमेकांशी जुळेनात आणि जिल्ह्यांच्या हद्दींवर ई-पासच्या रांगा लागल्या.

२०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. ७ मे रोजी देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव घेण्याची घोषणा झाली आणि विस्मरणात गेलेल्या यादीची पुन्हा चर्चा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या ठिकाणांत मुंबई, पुणे, नाशिक, सिन्नर, भुसावळ होते. सांगली, कोल्हापूर आणि सातारा नव्हते. युद्धाच्या निकषावर हे बरोबरही असेल. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर हेच स्वयंसेवक पुराच्या कामालाही यायचे असतील, तर ही यादी आज तर्काला धरून नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एप्रिलमध्ये अंमलात आलेली आपत्ती व्यवस्थापन कायद्याची दुरुस्ती. राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेली शहरे यांच्यासाठी राज्य सरकार आता वेगळे शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करू शकते. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. मुंबईसाठी ही रचना उशिरा का होईना योग्यच आहे. तिथे पंप, नाले आणि नियंत्रण कक्ष महापालिकेच्याच हाती असतात. पण चिपळूण, महाड, खेड या नगर परिषदा या दुरुस्तीत येत नाहीत. सांगली आणि कोल्हापूरला शहरापुरते प्राधिकरण मिळू शकेल, म्हणजे जिल्ह्याच्या आत आणखी एक हद्द. वीस वर्षांनी कायदा उघडला, तेव्हाही पातळी वाढली ती खालच्या बाजूला.

२०१९ नंतर महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या पाटबंधारे खात्यांत पावसाळ्यात विसर्गाची आणि पातळीची माहिती नियमित देण्याघेण्याची पद्धत बसली. ती अभियंत्यांच्या आपसातल्या संपर्कावर चालते; आपत्ती कायद्यातले कोणतेही कलम ती बंधनकारक करत नाही. दरम्यान अलमट्टीची पातळी ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेण्याची कर्नाटकची मागणी पुन्हा पुढे आली आहे. सांगली-कोल्हापूरचा तिला विरोध आहे. तो मांडायची जागा म्हणजे पाणीतंटा लवाद आणि सर्वोच्च न्यायालय. दोन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यांना तिथे पक्षकार म्हणून स्थान नाही.