मुलांचा मोतीबिंदू 'पिकण्याची' वाट पाहू नका

"लेकरू लहान आहे, मोतीबिंदू पिकू द्या, मग ऑपरेशन करू." खेडोपाडी हे अजून ऐकलं की जीव तुटतो. हे साफ चूक आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढुरका ठिपका दिसला, आईच्या चेहऱ्यावर त्याची नजर ठरत नसली, तर लगेच डॉक्टर गाठा. डोळ्यातून स्पष्ट चित्र पोहोचलंच नाही, तर मेंदू पाहायला शिकत नाही. मग उशिरा ऑपरेशन करूनही नजर अधू राहते.

पैशांची धास्ती असेल, तर २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा उपचार मोफत आहे. उशीर झाला म्हणून आशाही सोडू नका. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमाने उत्तर भारतातल्या गरीब घरांतल्या मोठ्या मुलांवरही दिल्लीत मोफत शस्त्रक्रिया करवल्या. त्यातली कितीतरी मुलं हळूहळू माणसं, वस्तू ओळखू लागली.