अ‍ॅडजस्ट करणे

मूळ इंग्रजी क्रियापद. मराठीत ते 'करणे' किंवा 'होणे' जोडूनच चालतं. अर्थ जुळवून घेणे, बसतं करणे, थोडं सरकणे. मुंबईत तो कुणाला सांगावा लागत नाही, व्युत्पत्तीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं कारण तिथे दोन मतं आहेत.

एक मत असं की लॅटिन 'युस्टुस' म्हणजे रास्त, त्यावरून फ्रेंचमध्ये 'नेमकं करणे' हा अर्थ आला आणि तिथून इंग्रजीत. चष्म्याची दांडी अ‍ॅडजस्ट करतो तेव्हा हे पटतंही. दुसरं मत लॅटिन 'युक्स्टा' म्हणजे जवळ, शेजारी, याकडे जातं, त्यावरून जुन्या फ्रेंचमधलं 'अजोस्तेर', म्हणजे जवळ आणणे, भर घालणे. आजच्या फ्रेंचमध्ये भर घालण्याला 'अजुते' म्हणतात ते याच घराण्यातलं. जुनी रूपं बघता हेच मत जास्त बळकट वाटतं, 'रास्त'चा अर्थ आवाज सारखा म्हणून मागाहून चिकटला असावा. इंग्रजीत शब्द साधारण चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसतो, आणि सतराव्या शतकाच्या आसपास फ्रेंचमधून पुन्हा एकदा घेतला गेला असं मानतात.

गंमत पुढे आहे. 'युक्स्टा'च्या मुळाशी 'जोडणे' या अर्थाचा जो जुना धातू आहे तोच संस्कृतमधला 'युज्', म्हणजे योग, युक्त, बैलाच्या मानेवरचं जू, सगळी एकाच कुळातली. सरकारी मराठीत अतिरिक्त शिक्षकांचं 'समायोजन' होतं, त्यातही हाच युज्. म्हणजे परका म्हणून घेतलेला शब्द लांबचा नातेवाईकच निघाला.

मुंबईतला वापर मुख्यतः लोकलमधला. सेकंड क्लासचा बाक तिघांचा, पण चौथी सीट इथे हक्काचीच धरतात. संध्याकाळी कल्याण फास्टमध्ये कुणीतरी म्हणतं, 'जरा अ‍ॅडजस्ट करा ना', मग खिडकीवाला पत्र्याला चिकटतो, मधला बॅग मांडीवर उभी करतो, तिसरा एक खांदा पुढे काढतो आणि चौथा एका मांडीवर टेकून पाय पॅसेजमध्ये रोवून बसतो. शेजारी आणणे हा सर्वात जुना अर्थ इथे जसाच्या तसा दिसतो. काय अ‍ॅडजस्ट करायचं ते कुणी बोलत नाही, करायचं असतं स्वतःलाच.

हेच कर्म गाळलेलं वाक्य लग्न ठरलेल्या मुलीलाही ऐकवतात, 'थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं गं'. बाकावर चौघंही सरकतात, इथे बहुतेक वेळा सरकायला एकटीलाच सांगितलेलं असतं, आणि किती ते कुणी सांगत नाही. हा वापर खटकायलाच हवा.

हिशेबातला अर्थ सरळ आहे, सुट्टे नसले की वाणी म्हणतो, 'पाच रुपये पुढच्या वेळी अ‍ॅडजस्ट करू'.