जखमेवर झटपट गोंद

विळीवर चिरलेले बोट किंवा पटाशी लागून पडलेली खोक फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने बंद करण्याचा प्रकार. कामात खाडा नको म्हणून कारागीर तो करतात. या गोंदातले मुख्य द्रव्य सायनोॲक्रिलेट. ओलावा मिळाला की ते काही सेकंदांत घट्ट होते, त्यामुळे बोट चटकन चिकटते.

अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर यांना १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हे द्रव्य सापडले. बाजारात ते १९५८ मध्ये आले. जखमांसाठीच त्याचा शोध लागला, ही समजूत चुकीची आहे. व्हिएतनाम युद्धात रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला हे मात्र खरे. पण शस्त्रक्रियागृहात पोचेपर्यंत सैनिकाचा जीव वाचवणे, एवढेच तेव्हा पाहायचे होते.

घरातल्या नळीत बहुधा एथिल सायनोॲक्रिलेट असते. त्याचे रेणू आखूड. घट्ट होताना ते तापते, आणि शरीरात लवकर विघटन होऊन फॉर्मल्डिहाइडसारखी ऊतींना जाळणारी द्रव्ये सुटतात. दवाखान्यातल्या गोंदात ब्यूटिल किंवा ऑक्टिल सायनोॲक्रिलेट असते. त्यांचे विघटन सावकाश होते, थर लवचीक राहतो आणि माल निर्जंतुक असतो. ऑक्टिल प्रकाराला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

तरीही रसायनापेक्षा मोठा धोका चिकटवण्याच्या पद्धतीत आहे. डॉक्टर आधी जखम धुतात, आत काय तुटले ते पाहतात, कडा जुळवून धरतात आणि गोंद फक्त वरून फिरवतात. घरी घाईत नळीचे टोक थेट चिरेत जाते. आत पडलेला थेंब काचेसारखा कडक होतो, दोन्ही कडांच्या मध्ये पाचर बसते आणि जखम जुळायची ती उलट उघडी राहते. गंज, माती, लाकडाचा भुसा आतच कोंडला जातो. वरून सगळे कोरडे, नीट दिसते. ठणका लागतो तेव्हा खाली पू झालेला असतो. चावा, खोल खोक, सांध्यावरची किंवा बोट वाकेनासे झालेली जखम कधीच अशी बंद करू नये. बोट वाकत नसेल तर आतली शीर, म्हणजे स्नायूबंध, तुटलेली असू शकते.

साध्या चिरेला वाहते पाणी, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न सोडता दाब आणि वर पट्टी पुरते. रक्त थांबत नसेल किंवा कडा फाकत असतील तर टाके लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, तेही डॉक्टरांना सांगावे.

गोंद लावून झालाच असेल तर तो ओरबाडू नये आणि पुसायला कापूस घेऊ नये. कापसाशी संयोग होऊन तो भाजण्याइतका तापतो. उघड्या जखमेवर नेलपॉलिश काढायचे ॲसिटोनही नको. धड कातडीवरचा थर कोमट साबणपाण्याने सैल होतो, नाहीतर काही दिवसांत आपोआप सुटतो. आत गेलेला गोंद डॉक्टरांनीच काढायचा असतो.