एम्बॉसिंग पेस्टमध्ये पाणी घालू नका

दिवाळी-संक्रांत जवळ आली की घरी कार्डं करणारे ग्राहक एम्बॉसिंग पेस्टची डबी घेऊन परत येतात. स्टेन्सिलमधून, म्हणजे नक्षी कापलेल्या प्लास्टिकच्या शीटमधून, कार्डावर उठावाची नक्षी काढायची ती ही पेस्ट. तक्रार ठरलेली: नक्षी पसरली, कडा उठल्या नाहीत. चौकशी केली की कळतं, पेस्ट घट्ट वाटली म्हणून चमचाभर पाणी घातलं होतं.

ही पेस्ट घट्टच हवी. घोटलेल्या श्रीखंडासारखी, चमचा उलटा धरला तरी न पडणारी. तिच्यात ॲक्रिलिकचं बंधक (भुकटी धरून ठेवणारा चिकट द्रव) आणि बारीक पांढरी भुकटी असते. पाण्याने पातळ झाली की ती स्टेन्सिलखाली झिरपते, कार्डशीट पाणी पिऊन वाकते आणि वाळताना ते पाणी उडालं की उठाव बसतो, भेगा पडतात. डबीत उरलेल्या पेस्टला बुरशीही येऊ शकते. म्हणून पाणी घातलेली डबी आम्ही बदलून देत नाही. नवी डबी मात्र घेतानाच काउंटरवर उघडून ढवळून बघा. रवाळ किंवा कडक निघाली तर तिथेच दुसरी देतो.

घरी पेस्ट जड लागली तर आधी मिनिटभर तळापासून ढवळा. बहुतेकदा तेवढंच पुरतं. तरीही नाही जमलं, तर लागेल तेवढीच बाहेर काढून तिच्यात ॲक्रिलिक मीडियमचे (रंग नसलेल्या ॲक्रिलिक द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला.

कार्डशीट २५० ते ३०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) घ्या. झेरॉक्सचा कागद टिकत नाही. ए-फाइव्ह शीट मधोमध दुमडली की नेहमीच्या मापाचं कार्ड होतं. स्टेन्सिल वरच्या कडेला मास्किंग टेपने चिकटवा. टेप आधी कपड्यावर एकदा दाबून घ्या, म्हणजे कागद सोलणार नाही. स्पॅच्युला (पसरवायची चपटी पट्टी) तिरका धरून पेस्ट एकाच दिशेने ओढा. थर अर्धा ते एक मिलिमीटर पुरे. मागे-पुढे घासलं की पेस्ट कडेखाली ढकलली जाते, आणि हाही दोष पेस्टवरच येतो. थर दिला की लगेच, टेपच्या बिजागरीवर दार उघडावं तसं स्टेन्सिल उचला आणि पाण्याच्या ताटात टाका. नक्षीत पेस्ट वाळली तर खरवडताना छिद्रांमधल्या बारीक पट्ट्या तुटतात. गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं.

चमकी भुरभुरायची असेल तर पेस्ट ओली असतानाच. नंतर कार्ड सपाट ठेवून पंख्याखाली एक-दोन तास वाळवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात रात्रभर. हेअर ड्रायर किंवा हीट गन लावू नका, वरची साय आधी धरते आणि आतून फुगे येतात. उष्णतेने वितळते ती एम्बॉसिंग पावडर, तो माल वेगळा.

रंगासाठी चहाच्या चमचाभर पेस्टला ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन थेंब घाला. हळद घालून पाहणारेही आहेत. आपल्या सांगलीची हळद कितीही पिवळीधमक असली तरी उजेडात तिचा रंग उडतो.

एका कार्डाला साधारण ५ मिली पेस्ट लागते, म्हणजे १०० मिलीच्या डबीत वीसेक कार्डं. स्टेन्सिलवर उरलेली स्वच्छ पेस्ट डबीत परत घालता येते, पण झाकणाची कड पुसूनच डबी बंद करा. पहिल्यांदाच करत असाल तर ५० मिलीची डबी न्या. सरावाला कार्डशीटच्या कापलेल्या पट्ट्या आम्ही मोफत देतो, आणि दुकानात गर्दी नसेल तेव्हा एक थर समोर ओढूनही दाखवतो.